लेखी काऊन?

मी त्यांची बाही ओढली. एवढंच केलं, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

श्रावण सरत आला होता. गावच्या घराच्या कागदावर बाबांच्या जागी आईचं नाव चढवायचं होतं, म्हणून एक सुट्टी टाकून सकाळच्या बसने नागपूरहून निघाले. तालुक्याचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्या सभागृहाबद्दल सांगायचंय तिथले निम्मे लोक माझ्या नात्यातले आहेत आणि उरलेल्यांसोबत मी शाळेत होते. सोबत मोठे बाबा होते, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पल्याड. धोतर जाऊन पायजमा आला तरी डोक्यावरची टोपी गेली नाही. नगरपंचायतीच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, दुपारनंतर या. मी परत फिरणार होते, पण 'मीटिंग' हा शब्द मोठ्या बाबांच्या कानावर पडला होता. "सभा हाय? मंग चाल ना वर," म्हणाले, आणि माझ्या आधी जिना चढायला लागले. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे.

वर एसी होता. पहिली गोष्ट जाणवली ती तीच, मग नव्या सनमायकाचा आणि फिनाइलचा वास. घोड्याच्या नालेसारखी टेबलं मांडलेली, प्रत्येकासमोर नावाची पाटी, पाण्याची छोटी बाटली, मान वाकवलेला माइक आणि त्यावर लाल दिवा. आम्हाला कोणी अडवलं नाही. भिंतीला लागून प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या, तिथे बसलो. विषय वाचले जात होते. एक जण एका दमात वाचायचा, दुसरा 'मंजूर' म्हणायचा, तिसरा अनुमोदन द्यायचा आणि पुढचा विषय यायचा. सातवा की आठवा विषय चतुर्वार्षिक कर आकारणीचा होता. वाचणाऱ्याने तो शब्द जिभेवर नीट बसवेपर्यंत मोठे बाबा उभे झाले होते.

"अध्यक्ष महाशय," ते म्हणाले.

तोच आवाज. तीस वर्षांपूर्वी पिंपळाखाली ऐकलेला, शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळणारा. अध्यक्षपदावर बसलेली बाई शाळेत मला दोन वर्षं मागे होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या अधिकाऱ्याकडे. अधिकारी तरुण होता आणि, हे सांगितलंच पाहिजे, फार अदबीने बोलला. "काकाजी, सभेत नागरिकांना बोलता येत नाही. तुमची काही हरकत असेल तर लेखी द्या." मोठ्या बाबांना ते कळलंच नाही. ऐकू आलं होतं, पण कळलं नाही. "लेखी काऊन?" त्यांनी विचारलं. "मी इथंच उभा हाय ना."

दोघंचौघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते. घरातलं म्हातारं माणूस काही बोललं की हसतात तसं. आणि तेवढ्यात मी त्यांची बाही ओढली. "मोठे बाबा, बसा ना." ते लगेच बसले. तेच तर खुपतं. त्या माणसाला सरपंचाने बसवलं नव्हतं, बीडीओने बसवलं नव्हतं, एकदा तर आमदाराच्या हातातला माइक धरून ठेवला होता त्यांनी. मी बाही ओढली आणि ते बसले.

खाली आल्यावर त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटीस काढली. चौघडी घालून घालून घडीवर विरलेली. कॉम्प्युटरवर छापलेला तक्ता होता, त्यांच्या नावातला एक काना खाल्लेला. मालमत्ता क्रमांक, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वापर. पहिली ओळ घराची : विटा-माती, कवेलू, निवासी. दुसरी संडासाची. तिसरी ओळ गोठ्याची, आणि तिच्या पुढे 'वापर' या रकान्यात लिहिलं होतं, बिगरनिवासी. सगळा घोळ त्या एका शब्दात होता. चैत्रात मोजणीवाली पोरं आली होती, कुठल्याशा एजन्सीची. यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर मारून निघून गेली. मोठ्या आईने त्यांना मठ्ठासुद्धा पाजला. त्या दिवसांत शेजाऱ्याचं बांधकाम सुरू होतं आणि त्याच्या सिमेंटच्या पिशव्या ऊन-पावसापासून वाचाव्या म्हणून आमच्या गोठ्यात रचल्या होत्या. पोरांनी पिशव्या पाहिल्या, बैल पाहिले नाहीत. दाखवायला होते कुठे? दोन वर्षांआधीच विकले. तेव्हा यंत्राच्या लेखी ते गोडाऊन झालं, आणि कर मागच्यापेक्षा अडीचपट.

एवढीशी गोष्ट. सभेत उभं राहून दोन मिनिटांत सांगता आली असती.

आमच्या लहानपणी सभा म्हणजे ग्रामसभा. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. झेंडावंदनाच्या रव्याच्या लाडवाची चव आणि ग्रामसभेतली भांडणं माझ्या डोक्यात एकत्रच साठवलेली आहेत. आदल्या संध्याकाळी कोतवाल डफडं वाजवत फिरायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की कुत्री भुंकायला लागायची आणि त्याला तीच ओळ दोनदा म्हणावी लागायची. पंचायतीच्या जुन्या कवेलूच्या इमारतीसमोर पिंपळाचा पार होता. पारावर सतरंजी, तिच्यावर सरपंच आणि ग्रामसेवक, खाली गाव. ज्यांचं वजन जास्त ते पाराजवळ. वस्तीतली माणसं पलीकडे नालीच्या अंगाला; तिथे बसा असं कोणी सांगितलेलं नसायचं, पण बसायची तिथेच. बाया बाजूच्या शाळेच्या व्हरांड्यात खांबांच्या आड. आम्ही पोरं पिंपळाच्या मुळांवर. मांडीवर पन्नी ठेवून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटण्याचा तो खर्र खर्र आवाज सभाभर सुरू असायचा, आणि कुणाचा मुद्दा लोकांना लागला की तो आवाज थांबायचा. मला वाटतं ग्रामसेवक बोलणाऱ्यापेक्षा त्या आवाजाकडेच कान देऊन असायचा.

मोठे बाबा बोलायचे मामा तलावाबद्दल. मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, खोदलेले हे तलाव, माजी मालगुजारी म्हणून 'मामा'; आमच्या पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात दर गावाला एखादा असतोच. आमच्या तलावाची पाळ एका बाजूने खचत होती आणि मासेमारीचा ठेका दर साली त्याच माणसाला जात होता. मोठे बाबा उभे राहायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "अध्यक्ष महाशय, तलावाच्या पैशाचा हिशोब वाचून दाखवा." दर सभेला, शब्द न बदलता. लोक हसायचे. कोणीतरी मागून ओरडायचं, "बुडाला तलावात!" मग आणखी हसायचे. आणि एका साली खरंच हिशोब वाचून दाखवला ग्रामसेवकाने. त्या हसण्याचाच कंटाळा आला असावा त्याला. आकडे काही मोठे नव्हते. पण वाचून झाल्यावर खर्ऱ्याचा आवाज बराच वेळ आला नाही, हे मला पक्कं आठवतं.

वस्तीतले एक मास्तर होते. त्यांच्या झोळीत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम कायम असायचा, पानं दुमडलेला. गाव त्यांना कलम-मास्तर म्हणायचं, आधी टिंगलीने आणि पुढे पुढे नुसतंच. गणपूर्तीचा नियम गावाला त्यांनी शिकवला : मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. त्याची पुढची पळवाट मात्र गावाला शिकवावी लागली नाही. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग काय, पहिल्या दिवशी सरपंच, ग्रामसेवक आणि शिपाई असे तिघं अर्धा तास बसणार, घड्याळ पाहणार आणि तहकूब करणार. दुसऱ्या तारखेला डफडं वाजणारच नाही. हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरायचं. माझ्या बाबांनी दाढी करता करता सही केलेली मी पाहिली आहे, रजिस्टरवर साबणाचा ठिपका पडला होता. तेव्हा पिंपळाखालची लोकशाही म्हणून गळा काढावा असं ते काही नव्हतं. वर्षातल्या चार सभांपैकी दोन तरी त्या साबणाच्या ठिपक्यासारख्याच असायच्या.

आणि एक सभा अशी आहे की आठवली तरी मान खाली जाते. दारिद्र्यरेषेची यादी वाचत होते. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका विधवा बाईचं नाव आलं. पुरुषांमधून कोणीतरी ओरडलं, "हिच्या घरी टीव्ही हाय!" मग तो टीव्ही कुणी दिला, चालू आहे की बंद, रंगीत की काळा-पांढरा, यावर भर सभेत चर्चा झाली. ती बाई खांबाआड होती. भाऊ गेला तेव्हा त्याच्या घरून तो डबडा आला होता एवढंच तिला सांगायचं होतं, पण बोलली नाही. नाव राहिलं की कापलं तेही मला आठवत नाही, तिच्या हातातलं पदराचं टोक तेवढं आठवतं, बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून काळंनिळं झालेलं. गाव एकत्र बसतं तेव्हा असंही बसतं. त्या दिवशी एखाद्या अदबशीर अधिकाऱ्याने तिला 'लेखी द्या' म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

माझी आई तीच सभा पाहून बोलायला लागली, असं मला उगाच वाटतं. तिला विचारलं तर म्हणते, "नाई बाप्पा, बोरिंगसाठी बोलली मी." पुढे बायांची सभा आधी वेगळी घ्यायचा नियम आला. त्या सभेत आईने आमच्या गल्लीतल्या बोरिंगचा दांडा तुटल्याचं सांगितलं. काही झालं नाही. मग मुख्य सभेत खांबाआडून बाहेर येऊन, डोक्यावरचा पदर दातात धरून, तिने तुटलेला दांडाच आणून पारावर ठेवला. काही बोलली नाही. गंजलेलं लोखंड सतरंजीवर पडलं तो आवाज, आणि सतरंजीवर उमटलेला तांबडा डाग. आठ दिवसांत नवा दांडा आला. बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत, पण पाणी त्याच बोरिंगचं पीत होते.

मग आम्ही शहर झालो.

२०१४-१५ च्या सुमारास राज्यभर तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायती गेल्या आणि नगरपंचायती आल्या. आमच्याकडे फटाके फुटले. मी तेव्हा नागपुरात होते, मावसभावाचा फोन आला, "ताई, आता आपलं गाव नाई रायलं, शहर झालं!" आणि मला खरंच आनंद झाला. प्लॉटचे भाव चढले. सरपंचाच्या खोलीवरची पाटी निघाली, प्रशासक बसला, मग निवडणूक होऊन सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक आले. काही गोष्टी निश्चितच सुधारल्या, त्या नाकारणं खोटेपणाचं होईल. सकाळी गाणं लावून घंटागाडी येते. मुख्य रस्त्याला एलईडीचे खांब आहेत, गल्ल्यांतून गट्टू बसले, नाल्यांवर झाकणं आली, निदान अर्ध्या. बसस्टँडमागचा उकिरडा गेला. पण ग्रामीण घरकुलाच्या यादीत ज्यांचा नंबर लागत आला होता त्यांना सांगण्यात आलं की ती यादी गावांची, तुम्ही आता शहर. नवीन अर्ज करा. पिंपळ रस्ता रुंदीकरणात गेला. त्याबद्दल कुणी काही बोललं असेल तर कुठे बोललं असेल?

त्या दिवशी नागपूरला परतल्यावर रात्री मी हे मोबाइलवर शोधत बसले. माझा मुलगा म्हणाला, आई, तू तर परीक्षेचा अभ्यास करतेयस. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, दोन्ही १९९३ मध्ये अमलात आल्या, जुळ्या बहिणींसारख्या. एक गावांची, एक शहरांची. गावांच्या दुरुस्तीने ग्रामसभेला थेट घटनेत जागा दिली. शहरांच्या दुरुस्तीत तशी सभाच नाही. प्रभाग समित्या आहेत, त्यांची सक्ती तीन लाख आणि त्यावर लोकसंख्या असलेल्या शहरांना. म्हणजे आमच्यासारखं कसब्याचं गाव दोन पाटांच्या मधल्या फटीत पडलं. ग्रामसभा घ्यायला ते गाव नाही, प्रभाग समिती व्हायला पुरेसं शहर नाही. मला कायद्यातलं फार कळत नाही. पण मोठ्या बाबांना 'लेखी काऊन' याचं उत्तर त्या तरुण अधिकाऱ्याकडे नव्हतं, ते असं दिल्लीत तीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं, हे कळून मला त्याचा राग येईनासा झाला. राग कुणावर धरावा हा प्रश्न उरला.

गंमत म्हणजे आमच्याच विदर्भात, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा कलम-मास्तरांनी पंचायतीच्या भिंतीवर गेरूने लिहिली होती. शेणामातीच्या भिंतीवर ती तांबडी अक्षरं पावसाळ्यात ओघळायची आणि मास्तर दिवाळीला पुन्हा गिरवायचे. मेंढा-लेखा लहान आहे, तिथे सगळी माणसं एका ठिकाणी बसू शकतात आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. आम्ही तालुका. आमचं एकमत मारबतीच्या दिवशी, रोगराई गावाबाहेर हाकलताना, तेवढं व्हायचं. पण वाक्य आमच्याही भिंतीवर होतं, आणि इमारतीसोबत तेही पाडलं गेलं. मास्तर त्याच्या आधीच गेले, हे बरं की वाईट ते ठरवता येत नाही.

हे सगळं मी कोणत्या तोंडाने लिहितेय, असं मधेच वाटतं. नागपुरात येऊन मला पंचवीस वर्षं झाली. शहराच्या कडेला एका लेआउटमध्ये घर आहे. आमच्या भागातली गावंच्या गावं शहराने कधी पोटात घेतली, तिथल्या ग्रामसभा कोणत्या दिवशी शेवटच्या भरल्या, मला पत्ता नाही. महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चात संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात कुणी मला विचारलं असतं की काय कमी जाणवतंय, तर प्रामाणिकपणे सांगते, काहीच नाही. नळ येत होता, कचरागाडी येत होती. माझं प्रतिनिधित्व करणारं माणूसच खुर्चीत नाही, हे मला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत कळलं. पंचवीस वर्षांत मी एकाही सभेत उभी राहिले नाही. सोसायटीच्या मीटिंगला नवरा जातो. आणि मी कुणाची बाही ओढली? ज्याला उभं राहता येत होतं त्याची.

पोळ्याला मी पुन्हा गेले. कारण सांगितलं पोळ्याचं, पण पर्समध्ये कोरे कागद आणि कार्बन होता. गोठा धुऊन ठेवला होता मोठ्या आईने. बैल नाहीत तरी दाराला पळसाचे मेढे खोवले होते, आणि आत कोपऱ्यात मातीची बैलजोडी, तिच्यापुढे पुरणाचा नैवेद्य. रिकाम्या दावणीला तेल लावलं होतं. सिमेंटची थोडी भुकटी जमिनीच्या भेगांत अजून दिसत होती, राखाडी. सपरीत बसून मोठे बाबा सांगायला लागले आणि मी लिहायला. "अध्यक्ष महाशय," इथूनच सुरुवात. "माह्या बापाने हा गोठा बांधला तेव्हा अर्ध्या गावाची माती इथं तुडवली. इथं सोन्या जन्मला, मोन्या मेला. आता तुमी म्हणता हे निवासी नाई. मंग इथं राहत कोण होतं?"

मी ते ऐकलं आणि लिहिलं : 'विषय : मालमत्ता कर आकारणीबाबत हरकत. संदर्भ : आपली नोटीस. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की सदर गोठ्याची नोंद चुकीने बिगरनिवासी अशी झाली असून ती दुरुस्त करण्यात यावी.' इतकी वर्षं ऑफिसात हेच करते, हात आपोआप चालतो. वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले.

"हे मी नाई बोललो," म्हणाले.

"असंच लिहावं लागते, मोठे बाबा."

"हाव. पण हे मी नाई बोललो."

सही केली. पोच घ्यायला मात्र विसरू नको म्हणाले, शिक्का आणि आवक नंबर दोन्ही. त्या बाबतीत ते पक्के ग्रामपंचायतीचे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मारबतीची सकाळ. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा इतवारीत मुंगी शिरायला जागा नसते, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, महागाईपासून मंत्र्यांपर्यंत कुणाचीही खैर नसते. गावात एवढा थाट नाही. उजाडायच्या आत दारातले मेढे उपटायचे आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे, ओरडत. रोगराई घेऊन जा गे मारबत. खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत. पोरांचा घोळका पुढे, धुक्यात दिसत नव्हता, नुसता आवाज. कुणीतरी पोरगं ओरडलं, "घरटॅक्स घेऊन जा गे मारबत!" आणि सगळ्या गल्लीने साथ दिली. एकमत झालं. तेवढ्यापुरतं.

सुनावणी महिन्याभराने झाली. मी गेले होते सोबत. सभागृहात नव्हे, खालच्या एका खोलीत, टेबलाच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे तोच तरुण अधिकारी. त्याने अर्ज वाचला, मोबाइलवर मी काढलेले गोठ्याचे फोटो पाहिले, दावण पाहिली, म्हणाला, "चूक झाली आहे काकाजी, दुरुस्त करतो." रजिस्टरवर शेरा मारला. मोठे बाबा खुर्चीवरून उठायला लागले होते, टोपी सारखी करून, बोलायला. तोवर त्याने पुढचं नाव पुकारलं. चार मिनिटंही लागली नसतील. काम झालं होतं. कर कमी झाला होता. पिंपळाखाली याला दोन सभा आणि तीन भांडणं लागली असती, कदाचित झालंही नसतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चला, झालं ना एकदाचं." ते काही बोलले नाहीत. बसस्टँडपर्यंत चालत आलो. माझ्या बसला वेळ होता म्हणून टपरीवर बसलो. चहा आला. बाकड्यावर पाचसहा माणसं होती, कोणी खर्रा घोटत होतं, कोणी मोबाइल पाहत होतं. एकाने सहज विचारलं, "काय मोठे बाबा, नगरपंचायतीत काऊन गेलते?"

मोठे बाबांनी कप बाकड्यावर ठेवला. उभे झाले. मी पाहिलं तर माझा हात त्यांच्या बाहीपासून वीतभर अंतरावर होता. तो मी पर्सच्या पट्ट्यावर नेऊन ठेवला. त्यांनी गोठा सांगितला, लाल ठिपका सांगितला, मठ्ठा सांगितला. बाप, माती, सोन्या-मोन्या, सगळं, सुरुवातीपासून. माझ्या अर्जातलं एक अक्षर त्यात नव्हतं. टपरीवाल्याने स्टो बारीक केला. मधेच माझ्या लक्षात आलं की खर्ऱ्याचा आवाज येत नाहीये. एवढ्यात बाकड्याच्या टोकावरचा एक पोरगा, ओळखीचा नव्हता, मान वर करून म्हणाला, "ते सगळं ठीक हाय, मोठे बाबा. पण तुमच्या गोठ्यात आता बैल कुठं हाय?"

सगळे हसले. मोठ्या बाबांचं तोंड लाल झालं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक मी पाहिली. तेवढ्यात कंडक्टर नागपूर-नागपूर-नागपूर करायला लागला. मी धावत बस पकडली. खिडकीतून पाहिलं तर ते अजून उभेच होते, बोट त्या पोराकडे रोखलेलं, आणि बस वळेपर्यंत त्यांचा आवाज मागून येत होता :

"बैल नाई तं गोठ्याचं दुकान होते काय बे?"